शस्त्रक्रियेआधी पोटात डोकावताना

संध्याकाळी झाडावरून पडलेले सात वर्षांचे मूल. कोपराच्या वरचे हाड मोडलेले, हात टम्म सुजलेला आणि मनगटाची नाडी लागत नाही. हाडाचे तुकडे सरकून रक्तवाहिनी दाबली गेल्याची ही खूण असते आणि अशा वेळी शस्त्रक्रिया सकाळपर्यंत लांबणीवर टाकता येत नाही. भूलतज्ज्ञ पहिला प्रश्न विचारतो, ‘शेवटचे कधी खाल्ले?’ आई सांगते, दुपारी जेवला. आजीला आठवते, खेळायला जाताना हातात बिस्किटांचा पुडा होता. पडल्यानंतर मुका मार निघावा म्हणून हळद घालून पाजलेल्या कपभर दुधाचा उल्लेख मात्र कोणीच करीत नाही. ते घरच्यांच्या लेखी खाणे नसते, औषध असते.

भूल देण्याच्या दृष्टीने हे कपभर दूध फार महत्त्वाचे असते. तातडीच्या शस्त्रक्रियेपूर्वी मुलाच्या जठरात काय आहे, हे आजवर घड्याळावरून आणि नातेवाइकांच्या सांगण्यावरून ठरविले जाई. गेल्या काही वर्षांत या अंदाजाच्या जोडीला एक प्रत्यक्ष पुरावा आला आहे. खाटेशेजारीच सोनोग्राफी यंत्राचा प्रोब पोटावर ठेवून जठर रिकामे आहे, त्यात पाणी आहे की अन्न आहे, हे पाहता येते. तपासणी साधी आहे, वेदनारहित आहे आणि तिच्यात क्ष-किरणांचा संबंध नाही. तरीही तिचा योग्य वापर करायचा तर तिची मर्यादाही नीट ठाऊक असावी लागते.

भरल्या पोटाची भीती कशासाठी?

शुद्धीवर असलेल्या माणसाच्या घशात चुकून काही गेले, तर ठसका लागतो. स्वरयंत्र मिटते, खोकला येतो आणि श्वासनलिकेचे रक्षण होते. संपूर्ण भूल दिल्यावर ही प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशी होते. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायूही सैल पडतो. पोटात अन्न किंवा द्रव असेल, तर ते घशापर्यंत वर येऊ शकते आणि तेथून थेट फुप्फुसात उतरू शकते. वैद्यकीय परिभाषेत याला ‘ॲस्पिरेशन’ म्हणतात. अन्नाचा घट्ट कण असेल तर तो श्वासमार्ग बुजवतो. आम्लयुक्त द्रव असेल तर फुप्फुसाच्या नाजूक अस्तराला रासायनिक इजा होते.

या दोन प्रकारांतला फरक न्यूयॉर्कमधील प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ मध्ये स्पष्ट केला. १९३२ ते १९४५ या काळातील ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदी तपासताना त्यांना ॲस्पिरेशनच्या ६६ घटना आढळल्या. दोघींचा मृत्यू घट्ट अन्नाने श्वासमार्ग बंद झाल्याने झाला होता. सशांवर प्रयोग करून त्यांनी हेही दाखविले, की जठरातील आम्ल हेच फुप्फुसदाहाचे मूळ आहे. आम्लाने होणाऱ्या त्या विकाराला आजही मेंडेल्सन यांचेच नाव आहे.

त्याआधीची एक घटना लहान मुलांच्या भुलेचा इतिहास लिहिताना टाळता येत नाही. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमधील विन्लॅटन या गावी हॅना ग्रीनर या पंधरा वर्षांच्या मुलीला पायाच्या अंगठ्याचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म देण्यात आला आणि काही मिनिटांतच ती दगावली. क्लोरोफॉर्मचे पुरस्कर्ते जेम्स सिम्प्सन यांनी दोष औषधाला दिला नाही. तिला शुद्धीवर आणण्यासाठी तोंडात ओतलेले पाणी आणि ब्रँडी यांनीच ती गुदमरली, असे त्यांचे म्हणणे होते. जॉन स्नो यांना ते मान्य नव्हते, त्यांच्या मते मृत्यू क्लोरोफॉर्मनेच झाला. वाद मिटला नाही. बेशुद्ध रुग्णाच्या घशातील द्रव प्राणघातक ठरू शकतो, हा विचार मात्र भूलशास्त्राच्या पहिल्या दीड वर्षातच पुढे आला होता.

विशेष म्हणजे, घट्ट अन्न आणि पातळ पेय यांत भेद करण्याचे शहाणपणही जुनेच आहे. जोसेफ लिस्टर यांनी १८८३ मध्ये लिहून ठेवले होते, की क्लोरोफॉर्म देताना पोटात घन पदार्थ नसावा, परंतु दोनेक तास आधी कपभर चहा दिलेला हितकारक ठरतो. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हा विवेक मागे पडला आणि ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही’ हा सरसकट नियम रूढ झाला. केसपेपरवर ‘एनबीएम’ ही तीन अक्षरे लिहिली, की मूल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोरड्या घशाने रडत पडलेले असे. काही वॉर्डांत हे दृश्य अजूनही दिसते.

आज नियोजित शस्त्रक्रियेसाठी नियम बरेच सैल आणि अधिक शास्त्रीय झाले आहेत. घट्ट अन्न आणि गाईम्हशीचे दूध सहा तास, आईचे दूध चार तास आणि पारदर्शक द्रव दोन तास आधी थांबवावेत, ही ‘सहा-चार-दोन’ची रीत जगभर प्रचलित झाली. २०१८ मध्ये ब्रिटन, फ्रान्स व युरोपातील बालभूलतज्ज्ञांच्या संघटनांनी पारदर्शक द्रवासाठी एक तास पुरेसा असल्याचे जाहीर केले. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी तेच कायम ठेवून आईच्या दुधासाठीचा अवधी तीन तासांवर आणला. अमेरिकेतील संघटनेने २०२३ मध्येही दोन तासांचाच नियम राखला. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये या विषयावर स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. पारदर्शक द्रव म्हणजे पाणी, गाळलेला सफरचंदाचा रस, साखरपाणी, बिनदुधाचा चहा. दूध घातलेला चहा, ताक किंवा गरयुक्त रस त्यात बसत नाही, हे पालकांना मुद्दाम सांगावे लागते.

घड्याळ कोठे चुकते?

हे सर्व नियम निरोगी, शांत आणि आधीपासून सूचना मिळालेल्या मुलासाठी आहेत. तातडीच्या रुग्णाला यांतले काहीच लागू पडत नाही. वेदना, भीती आणि दुखापतीचा धक्का यांमुळे जठराची हालचाल मंदावते. वेदनेवर दिलेली मॉर्फिनसारखी औषधे ती आणखी मंद करतात. जेवणानंतर अर्ध्या तासात पडलेल्या मुलाच्या पोटातील अन्न आठ तासांनीही तसेच असू शकते. म्हणूनच अपघातग्रस्त मुलांच्या बाबतीत ‘किती तास उपाशी’ यापेक्षा ‘शेवटचे खाणे आणि दुखापत यांत किती अंतर होते’ हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. जखमी मुलांच्या जठरातील द्रव शोषून मोजल्यावर १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासातही हेच दिसले होते.

पोटाच्या विकारांत तर गुंतागुंत अधिक. आंत्रपुच्छाचा दाह झालेल्या मुलाने दिवसभर काही खाल्लेले नसते, उलट्याही झालेल्या असतात, त्यामुळे ‘पोटात असणार काय?’ असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात जठर स्वतः स्राव तयार करीत असते आणि आतड्याची हालचाल थंडावल्याने तो पुढे सरकत नाही. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव होऊन परत आलेले मूल हे आणखी फसवे उदाहरण. ते बाहेर थुंकते त्याहून कितीतरी अधिक रक्त गिळते, आणि किती गिळले याचा हिशेब कोणाकडेच नसतो.

धोका किती मोठा, याचे आकडे उपलब्ध आहेत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९८५ ते १९९७ या काळात अठरा वर्षांखालील मुलांना दिलेल्या ६३,१८० भुलांचा आढावा १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲस्पिरेशन २४ वेळा झाले. नियोजित शस्त्रक्रियांत हे प्रमाण ४,५४४ भुलांमागे एक होते. तातडीच्या शस्त्रक्रियांत मात्र ते ३७३ मागे एक, म्हणजे बारापट भरले. एकही मूल दगावले नाही. ब्रिटनमधील अकरा बालरुग्ण केंद्रांनी वर्षभर केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १,१८,३७१ भुलांमागे २४ घटना नोंदल्या गेल्या आणि तेथे तातडीच्या व नियोजित शस्त्रक्रियांत फारसा फरक दिसला नाही. तेथेही मृत्यू नव्हता. तेव्हा ही घटना दुर्मीळ आहे, हे खरेच. परंतु हे आकडे अनुभवी बालभूलतज्ज्ञांच्या, सुसज्ज केंद्रांतील आहेत आणि तातडीच्या रुग्णाचे पोट भरलेले आहे असे गृहीत धरून काळजी घेतल्यानंतरचे आहेत, हेही विसरता येत नाही.

सावधगिरीचीही किंमत असते

येथे एक साधा प्रश्न उभा राहतो. शंका असेल तर प्रत्येक मुलाचे पोट भरलेले आहे असे समजून चालावे, तपासणी हवीच कशाला? बरीच वर्षे हेच केले गेले आणि बहुसंख्य ठिकाणी आजही हेच केले जाते.

पोट भरलेले असल्याचे गृहीत धरले, की भूल देण्याची पद्धत बदलते. नेहमीच्या पद्धतीत मुलाच्या तोंडाशी मास्क धरून सेव्होफ्ल्युरेनसारखा वायू हुंगवला जातो, मूल हळूहळू झोपी जाते, मग शिरेत सुई टोचली जाते. भरल्या पोटाच्या पद्धतीत, म्हणजे ‘रॅपिड सीक्वेन्स इंडक्शन’मध्ये, आधी जागेपणी सलाईनची सुई लावावी लागते. काही मिनिटे ऑक्सिजन दिल्यावर झोपेचे आणि स्नायू शिथिल करणारे औषध पाठोपाठ दिले जाते आणि श्वासनलिकेत शक्य तितक्या लवकर नळी घातली जाते. मधल्या काळात फुग्याने श्वास द्यायचा नाही, अशी मूळ रीत. हवा पोटात जाऊन अन्न वर ढकलले जाऊ नये म्हणून. लंडनमधील भूलतज्ज्ञ ब्रायन सेलिक यांनी १९६१ मध्ये सुचविल्याप्रमाणे गळ्यातील क्रिकॉइड कूर्चेवर बोटाने दाब देऊन मागची अन्ननलिका बंद करण्याचीही पद्धत होती. मुलांमध्ये या दाबाचा उपयोग वादग्रस्त ठरला असून अनेक केंद्रांनी तो सोडून दिला आहे.

मोठ्या माणसाला हा अर्धा-पाऊण मिनिटाचा विनाश्वास काळ सहज निभतो. लहान मुलाला निभतोच असे नाही. त्याच्या फुप्फुसातील ऑक्सिजनचा साठा थोडा आणि शरीराची मागणी मोठी. तान्ह्या बाळाच्या रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण मिनिटभराच्या आत घसरू लागते आणि त्यापाठोपाठ हृदयाचे ठोकेही. अमेरिकेतील १,०७० मुलांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात या पद्धतीदरम्यान ३.६ टक्के मुलांमध्ये ऑक्सिजनची पातळी घसरल्याचे दिसले आणि वीस किलोंखालील मुलांत हा त्रास अधिक होता. म्हणूनच हळुवार दाबाने श्वास देत राहण्याची सुधारित पद्धत बालभूलशास्त्रात आता रुजली आहे. तरीही जागेपणी टोचलेली सुई, झटापट, घाईने घातलेली नळी हे सारे उरतेच. पोट रिकामे असलेल्या मुलाला या सगळ्यातून नेणे म्हणजे नसलेल्या धोक्यासाठी खरा धोका पत्करणे होय. आणि पोट भरलेले असताना ते रिकामे समजणे म्हणजे काय, हे सांगायला नको. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते, आणि ती टाळण्यासाठी पोटात खरोखर काय आहे हे कळावे लागते.

प्रोब कोठे ठेवायचा, काय पाहायचे

जठर सोनोग्राफीने पाहता येते, हे नवे नाही. १९८० च्या दशकातच इटलीतील पोटविकारतज्ज्ञांनी जठर रिकामे होण्याचा वेग मोजण्यासाठी तिचा वापर केला होता. भूलतज्ज्ञांच्या हाती ती आली ती प्रामुख्याने २००९ नंतर, कॅनडातील टोरांटो येथील अनाही पर्लास आणि फ्रान्समधील ल्योन येथील लिओनेल बुवे यांच्या गटांनी तिची पद्धत घडवल्यावर.

संपूर्ण जठर पाहण्याची गरज नसते, आणि वरच्या भागात हवा असल्याने ते दिसतही नाही. पाहायचा असतो तो जठराचा खालचा, आतड्याकडे उघडणारा निमुळता भाग, अँट्रम. छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखाली, बेंबीच्या वर, प्रोब उभा धरला, की पडद्यावर पुढच्या बाजूला यकृताचा डावा खंड, मागे स्वादुपिंड आणि त्याच्याही मागे धडधडणारी महाधमनी दिसते. यकृत आणि स्वादुपिंड यांच्या मधोमध अँट्रम असतो. चाळीस किलोंपर्यंतच्या मुलांना उथळ भाग स्पष्ट दाखवणारा सरळ कडेचा प्रोब पुरतो, मोठ्यांना वक्र कडेचा लागतो. तपासणी दोनदा करायची असते, प्रथम उताणे निजवून आणि नंतर उजव्या कुशीवर. उजव्या कुशीवर वळले, की जठरातील द्रव गुरुत्वाकर्षणाने अँट्रममध्ये उतरतो. झुरिच येथील संशोधकांनी मुलांच्या पोटाच्या एमआरआय प्रतिमांशी तुलना केली, तेव्हाही उजव्या कुशीवरचेच मोजमाप प्रत्यक्ष आकारमानाशी अधिक जुळले.

पडद्यावरील चित्र वाचायला शिकणे हीच खरी मेख. रिकामा अँट्रम चपटा असतो किंवा नेमबाजीच्या लक्ष्यासारखी एकात एक वर्तुळे दाखवितो. पाणी किंवा जठरस्राव असेल तर आतला भाग काळाभोर दिसतो. नुकतेच पाणी प्यायलेले असेल तर त्या काळ्या पार्श्वभूमीवर हवेचे पांढरे ठिपके चमकतात, चांदण्या रात्रीसारखे. दूध करड्या-पांढऱ्या रंगाचे दिसते. नुकत्याच खाल्लेल्या घट्ट अन्नात भरपूर हवा मिसळलेली असते, त्यामुळे पुढच्या भिंतीमागचे सारे धूसर होते, दुधी काचेतून पाहिल्यासारखे. काही वेळाने ती हवा निघून गेली, की निरनिराळ्या छटांचा ओबडधोबड लगदा दिसू लागतो. घट्ट अन्न किंवा दूध दिसले, तर मोजमापाची गरजच नसते. ते पोट भरलेलेच समजायचे.

केवळ पातळ द्रव दिसला, तर प्रश्न उरतो तो प्रमाणाचा, कारण थोडासा जठरस्राव निरोगी, उपाशी मुलातही असतो. दोन्ही स्थितींत काहीच न दिसल्यास शून्य श्रेणी, फक्त उजव्या कुशीवर दिसल्यास पहिली, दोन्हीकडे दिसल्यास दुसरी, अशी पर्लास यांची सोपी वर्गवारी आहे. अधिक नेमकेपणा हवा असल्यास अँट्रमच्या दोन आकुंचनांमधील विसाव्याच्या क्षणी, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, त्याचे क्षेत्रफळ मोजतात. कॅलगरी येथील संशोधकांनी दुर्बिणीच्या तपासणीसाठी आलेल्या १०० मुलांच्या अँट्रमचे क्षेत्रफळ आधी मोजले, नंतर दुर्बिणीतून जठरातील सर्व द्रव शोषून त्याचे माप घेतले आणि २०१५ मध्ये त्यावरून एक सूत्र मांडले. उजव्या कुशीवरील क्षेत्रफळाला (चौरस सेंटिमीटरमध्ये) ३.५ ने गुणायचे, महिन्यांतील वयाला ०.१२७ ने गुणून ते त्यात मिळवायचे आणि बेरजेतून ७.८ वजा करायचे. उत्तर मिलिलिटरमध्ये येते.

सहा वर्षांच्या, वीस किलो वजनाच्या मुलाचे उदाहरण घेतले आणि क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर भरले, तर द्रव सुमारे १५ मिलिलिटर, म्हणजे किलोमागे पाऊण मिलिलिटरच्या आसपास. क्षेत्रफळ ८ असेल तर तो २९ मिलिलिटरपर्यंत, म्हणजे किलोमागे जवळजवळ दीड मिलिलिटर जातो. मुलांसाठी सर्वसाधारणपणे किलोमागे १.२५ मिलिलिटर ही सीमा मानली जाते. तेव्हा पहिल्या मुलाला नेहमीच्या पद्धतीने भूल देता येईल, दुसऱ्याला नाही.

ही सीमा कोठून आली, हे जाणून घेण्यासारखे आहे. अनेक दशके पाठ्यपुस्तकांत किलोमागे ०.४ मिलिलिटर हा आकडा घोकला जात होता. तो १९७४ मधील एका शोधनिबंधातला. त्यामागे आधार होता तो एका माकडाच्या फुप्फुसात थेट आम्ल सोडून केलेल्या प्राथमिक प्रयोगाचा. फुप्फुसात किती आम्ल गेल्यास इजा होते, हा प्रश्न वेगळा आणि जठरात किती द्रव असल्यास तो वर येतो, हा वेगळा. आजची सीमा नियमानुसार उपाशी राहिलेल्या निरोगी मुलांच्या जठरात सामान्यतः जास्तीत जास्त किती द्रव आढळतो, यावरून ठरविलेली आहे. ती ओलांडली म्हणजे ॲस्पिरेशन होणारच, असे नाही. ‘हे पोट उपाशी मुलाच्या पोटासारखे नाही’, एवढेच ती सांगते.

ल्योनमधील १४३ मुले

या तपासणीने निर्णयात खरोखर फरक पडतो का, याचे उत्तर ल्योन येथील बालरुग्णालयातील अभ्यासाने २०१८ मध्ये दिले. तातडीच्या किंवा अनियोजित शस्त्रक्रियेसाठी आलेल्या १४३ मुलांच्या बाबतीत भूलतज्ज्ञांना आधी केवळ वैद्यकीय माहितीवरून भूल देण्याची पद्धत ठरविण्यास सांगितले गेले. नंतर जठराची सोनोग्राफी झाली. ती पाहिल्यावर ६७ मुलांच्या बाबतीत निर्णय बदलला. ३७ मुलांना ठरलेल्या जलद पद्धतीऐवजी नेहमीच्या पद्धतीने भूल देता आली, तर ३० मुलांच्या बाबतीत उलट झाले. भूल दिल्यानंतर जठरातील द्रव नळीने शोषून पडताळा घेतला, तेव्हा सोनोग्राफीनंतरचा निर्णय ८५ टक्के मुलांत योग्य ठरला. आधीचा, केवळ अंदाजाचा निर्णय ४९ टक्क्यांत.

४९ टक्के म्हणजे नाणे उडवून निर्णय घेण्यासारखेच. हे तज्ज्ञ नवखे नव्हते. उपलब्ध माहितीवरून याहून चांगला अंदाज करता येत नाही, असाच याचा अर्थ आहे. निर्णय दोन्ही दिशांनी जवळपास सारख्याच संख्येने बदलले, ही बाबही लक्षणीय आहे. त्या ३० मुलांची पोटे भरलेली असूनही ती रिकामी समजली गेली असती. अर्थात, एवढ्या लहान संख्येवरून ॲस्पिरेशनच्या घटना कमी होतात असे सिद्ध होत नाही. मुळातच इतकी दुर्मीळ घटना मोजायची, तर हजारो मुलांचा अभ्यास करावा लागेल.

तान्ह्या बाळांतील जठरद्वाराच्या स्नायूची वाढ हा या तपासणीचा आणखी एक सार्थ उपयोग. साधारण तीन ते सहा आठवड्यांच्या बाळाला दूध पाजले, की जोराची उलटी होते, कारण जाड झालेला स्नायू दूध पुढे जाऊ देत नाही. तो तीन मिलिमीटर किंवा अधिक जाड झाल्याचे निदान मुळात सोनोग्राफीनेच होते. शस्त्रक्रियेपूर्वी राइल्स ट्यूब घालून पोट रिकामे करतात, पण ते पूर्ण रिकामे झाले की नाही, हे आजवर नळीतून काही येईनासे झाले यावरूनच ठरे. आता प्रोब ठेवून खात्री करता येते, आणि ल्योनमधील याच गटाने २०१६ मध्ये या बाळांसाठीही तिचा उपयोग दाखवून दिला आहे.

जेथे प्रोबवर विसंबू नये

आतड्याला अडथळा असेल, आतड्यात आतडे शिरले असेल किंवा मूल सतत उलट्या करीत असेल, तर जठर रिकामे दिसले तरी ते भरलेलेच समजावे. खालून द्रव परत येऊन काही मिनिटांत ते भरू शकते. जठरावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा जठराचा काही भाग छातीत सरकलेला असेल, तर मोजमाप फसवे ठरते. अंडकोषाला पीळ पडलेल्या मुलाच्या बाबतीत पहिले काही तासच हाती असतात. तेथे प्रोब शोधत बसण्यापेक्षा भरल्या पोटाची पद्धत वापरून लगेच शस्त्रक्रिया करणे शहाणपणाचे. सरावलेल्या हाताला तपासणीसाठी दोन-चार मिनिटे पुरतात, पण यंत्र दुसऱ्या मजल्यावर कुलपात असेल तर ती मिनिटे लांबतात.

मुलाचे सहकार्य हाही प्रश्न आहेच. रडणारे मूल हवा गिळते आणि हवेमागे सोनोग्राफीला काही दिसत नाही. पोट दुखत असलेल्या मुलाला कुशीवर वळवणे कठीण, आणि मोडलेला हात उजवा असेल तर अवघडच. केवळ उताणे असताना अँट्रम रिकामा दिसला, तर ते पोट रिकामे असल्याचा भक्कम पुरावा मानता येत नाही. खाट डोक्याकडून उंच केल्यास थोडी मदत होते. मुलाला आईच्या कुशीत, तिच्याकडे तोंड करून निजवले, की बरेचदा काम सोपे होते. प्रोबला लावायची जेली आधी कोमट करून घ्यावी, इतकी साधी गोष्टही उपयोगी पडते.

कॅलगरीचे सूत्र उपाशी मुलांवर बेतलेले आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या पोटात द्रव थोडाच होता. त्यामुळे मोठ्या आकड्यांसाठी त्याच्यावर शब्दशः विसंबणे योग्य नाही. प्रोब धरणाऱ्याचा हात तयार असणे हेही तितकेच महत्त्वाचे. टोरांटो येथे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार प्रौढांच्या जठरातील पदार्थ ओळखण्यात ९५ टक्के अचूकता येण्यासाठी शिकणाऱ्याला सुमारे ३३ तपासण्या कराव्या लागतात. कार्यशाळेत एक दुपार घालवून ती येत नाही. यासाठी नियोजित शस्त्रक्रियेला आलेल्या, पोट रिकामे असलेल्या मुलांवर पालकांच्या संमतीने सराव करणे हा उत्तम मार्ग. रिकामे जठर ओळखणे हेच त्यात सर्वांत अवघड असते.

स्थूलतेसाठी वापरली जाणारी सेमाग्लुटाइडसारखी औषधे जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात. अमेरिकेत २०२२ मध्ये ती बारा वर्षांवरील मुलांसाठीही मान्य झाली. अशा किशोरवयीन रुग्णाने नियमाप्रमाणे उपास केला असला, तरी त्याच्या पोटात अन्न असू शकते, त्यामुळे नियोजित शस्त्रक्रियेपूर्वीही आता अनेक ठिकाणी जठराची सोनोग्राफी केली जाऊ लागली आहे.

यंत्र आणि कायदा

महाराष्ट्रातील रुग्णालयांत या तपासणीच्या प्रसाराला एक वेगळी चौकट आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला. १९९४ चा केंद्रीय कायदा १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. सोनोग्राफी यंत्र ज्या ठिकाणी असेल त्या ठिकाणाची नोंदणी बंधनकारक आहे, मग त्या यंत्राने गर्भवतीची तपासणी होवो अथवा न होवो. २०१२ मधील नियमदुरुस्तीने सहज हलविता येणाऱ्या यंत्राचा वापर नोंदणीकृत जागेतील आंतररुग्णांपुरता आणि फिरत्या वैद्यकीय पथकांपुरता मर्यादित केला. खिशात मावणारी, मोबाइल फोनला जोडायची यंत्रे बाजारात आली आहेत, पण तीही या कायद्याबाहेर नाहीत. चार रुग्णालयांत फिरून भूल देणाऱ्या डॉक्टरने स्वतःचे यंत्र पिशवीतून नेणे, जे इतर अनेक देशांत सर्रास चालते, ते येथे करता येत नाही. ज्या कारणासाठी हा कायदा झाला, ते कारण पाहता कडकपणाबद्दल तक्रार करणे अवघड आहे. मात्र त्याचा परिणाम असा, की ही तपासणी मोठ्या रुग्णालयांत सुलभ होते आणि तालुक्याच्या गावातील छोट्या शस्त्रक्रियागृहात, जेथे मदतीला दुसरा भूलतज्ज्ञ नसतो, तेथे ती पोहोचायला वेळ लागतो. हाता-पायाची नस बधिर करण्यासाठी ज्या रुग्णालयांनी शस्त्रक्रियागृहात यंत्र नोंदवून ठेवले आहे, तेथे तेच यंत्र या कामी वापरता येते.

जेथे यंत्र नाही, तेथे नेमकी माहिती हेच साधन. भूलतज्ज्ञाला घड्याळाच्या तीन वेळा हव्या असतात, शेवटच्या खाण्याची, शेवटच्या पिण्याची आणि दुखापतीची किंवा दुखणे सुरू झाल्याची. बिस्किटाचा अर्धा तुकडा, औषधासोबतचे दूध, प्रवासात गप्प बसवण्यासाठी दिलेले चॉकलेट, हे सारे त्यात येते. पालक ते लपवतात ते बहुधा रागावणी होईल किंवा शस्त्रक्रिया लांबेल या भीतीने. तातडीची शस्त्रक्रिया त्यामुळे रद्द होत नाही, भूल देण्याची रीत तेवढी बदलते. सोनोग्राफी केली असल्यास तिची वेळही केसपेपरवर नोंदवावी लागते. शस्त्रक्रियागृह मोकळे होईपर्यंत तास-दीड तास गेला, मधल्या काळात उलटी झाली किंवा कोणी मुलाला चमचाभर दूध पाजले, तर आधीचे चित्र जमेस धरता येत नाही आणि प्रोब पुन्हा ठेवावा लागतो.